ताडोबा : अरण्य की जिप्सींचा वाहनतळ?

ताडोबाच्या तळ्याकाठी एका विशाल वृक्षाखाली तारूदेवाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना पडलेल्या गावप्रमुखाला गोंड समाजाने देवत्व दिले, अशी तेथील आख्यायिका. १९५५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्रप्रकल्प आला आणि पुढे गाभ्यातील वनवासी गावे एकेक उठली.

वाघाला निर्मनुष्य गाभा हवा, हे निर्विवाद. मग नवेगाव, जामणी रिकामी करून जी कुरणे तयार झाली, त्यांच्याच कडेला जिप्सींच्या रांगा कशा? २००६ च्या कायदादुरुस्तीने हा गाभा अबाधित राखण्यास सांगितले. २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यातील २० टक्क्यांपर्यंत भागात पर्यटनाला मुभा दिली. गुराख्याची पायवाट तेवढी निषिद्ध, कॅमेरेवाल्याचा रस्ता मात्र प्रशस्त! व्याघ्रदर्शनाची हमी मागणारा हा पाहुणा बहुधा सुशिक्षित शहरवासीच असतो, हेही नमूद केलेले बरे.

उद्यानाचे यश पाणवठे, कुरणे, वणवा-नियंत्रण आणि वाघांच्या संचारमार्गांवरून मोजावे, तिकीटविक्रीवरून नव्हे. गाभ्यातील फेऱ्या टप्प्याटप्प्याने बफर क्षेत्रात न्याव्यात, आणि वाटाड्यापासून उपाहारगृहापर्यंतचा रोजगार प्रथम विस्थापितांच्या हाती द्यावा. वनखात्याने पुढील व्यवस्थापन आराखड्यात याची तरतूद करावी.