विश्लेषण : ‘माणसं टिकत नाहीत’ म्हणणाऱ्या हॉटेलमालकांनी आधी काय बदलायला हवं?

मिसळीचे हॉटेल असो, खाणावळ असो वा हायवेवरचे फॅमिली रेस्टॉरंट, मालकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘माणसं टिकत नाहीत हो.’ आचारी सणाला गावी जातो आणि परतत नाही. वेटरला शेजारी हजार रुपये जास्त मिळाले की तो निघतो. मोरीवर भांडी घासायला तर माणूसच मिळत नाही. तक्रार खरी आहे. मात्र तिचे निम्मे उत्तर गल्ल्यामागच्या खुर्चीत असते आणि त्याकडे फारसे कुणी बघत नाही.

मोठ्या साखळी हॉटेलांकडे व्यवस्थापक, प्रशिक्षण विभाग, छापील नियम असतात. एकट्याच्या हॉटेलात मालकाच्या सवयी हेच नियम असतात. मालक उशिरा आला तर सगळे उशिरा येतात. मालकाने शिळा रस्सा ‘चालेल’ म्हटला की तो कायमचा चालू लागतो. म्हणून इथे नेतृत्व म्हणजे भाषण नव्हे, रोजच्या चार-पाच सवयी.

सकाळच्या दहा मिनिटांत काय होऊ शकते?

शटर उघडण्याआधी सगळ्यांनी उभ्याउभ्या दहा मिनिटे एकत्र यावे. आज कोण सुट्टीवर आहे, कोणता पदार्थ नाही, काल कोणत्या टेबलावरून तक्रार आली, एवढेच बोलायचे. चतुर्थी असेल तर साबुदाणा किती भिजवला, मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर मटण किती कमी आणायचे, हे याच वेळी ठरते. वेटरने ऑर्डर घ्यायची, आतून ‘संपलं’ म्हणून ओरडा व्हायचा आणि ग्राहकासमोर पुन्हा मेन्यूकार्ड धरायचे, ही रोजची फजिती त्यामुळे टळते. या दहा मिनिटांत मालकाने कमी बोलावे. सामान केव्हा संपते हे आचाऱ्याला आणि ग्राहक काय उष्टे टाकतो हे मोरीवाल्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक असते.

चव आचाऱ्याच्या हातात की वहीत?

‘आमच्या आचाऱ्याच्या हाताला चव आहे’ हे कौतुक ऐकायला छान वाटते. पण त्याच दिवशी आचारी गावी गेला तर हॉटेलात काय उरते? प्रत्येक पदार्थाचे प्रमाण ग्रॅममध्ये वहीत हवे आणि वाढायचा डाव ठरलेला हवा. घरचा मसाला गुपित ठेवायचा तर जरूर ठेवावा, पण तो किती किलो कांद्याला किती घालायचा, हे लिहिलेले असावे.

एक साधा हिशेब पाहू. समजा, एका मिसळीच्या हॉटेलात दिवसाला ३०० प्लेट जातात आणि प्रत्येक प्लेटमध्ये अंदाजाने १५ ग्रॅम फरसाण जास्त पडते. दिवसाला साडेचार किलो झाले. किलोला २०० रुपये धरले तर दिवसाचे ९०० आणि महिन्याचे २७ हजार रुपये. एका कामगाराच्या पगाराच्या घरात जाणारी ही रक्कम कुणी चोरलेली नाही. ती फक्त मोजलेली नाही. मोजमाप नसले की मालकाला चोरीचा संशय येतो. संशय आला की माणसे दुरावतात. काही हजारांचा वजनकाटा हे भांडण मिटवतो.

पगार आणि सुट्टीचे काय?

माणूस टिकण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पगाराची ठरलेली तारीख. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा, असे कायदा सांगतो. अनेक हॉटेलांत मात्र ‘उचल’ आणि ‘खर्ची’ यांच्या तोंडी हिशेबात पगार हरवतो. किती उचल दिली, किती कापली, हे दोघांच्या सहीने वहीत असले की महिनाअखेरची कटकट संपते. टिपचेही तसेच. पेटीत जमलेली टिप सर्वांसमोर मोजून मोरीवाल्यापर्यंत वाटली, तर आतल्या आणि बाहेरच्या माणसांतले वैर बरेच कमी होते.

राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार आस्थापना आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवता येते; पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी द्यावी लागते. ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या हॉटेलांना या कायद्याच्या बहुतेक तरतुदी लागू होत नाहीत. थकवा मात्र कामगारांची संख्या बघून येत नाही. आळीपाळीच्या सुट्टीचा तक्ता भिंतीवर लावायला पैसे लागत नाहीत.

ओरडल्याशिवाय कामे होतात का?

ग्राहकांसमोर वेटरवर खेकसणारा मालक स्वतःला कडक समजतो. प्रत्यक्षात चार टेबलांची जेवणे कडू होतात आणि पुढच्या वेळी तो वेटर चूक लपवतो. चूक लपली की ती मालकापर्यंत ग्राहकाच्या ऑनलाइन शेऱ्यातूनच पोहोचते. कौतुक सर्वांसमोर, कानउघाडणी आत बाजूला घेऊन, हा नियम पाळायला अवघड आहे, कारण दुपारी दीडच्या गर्दीत डोके तापतेच. त्याला जोड म्हणून वेटरला थोडा अधिकार द्यावा. भाजी खारट असेल तर न विचारता ती बदलून देण्याची मुभा त्याला हवी. एका वाटीचे नुकसान, पण ग्राहक वाचतो.

स्वच्छतेचा नियमही मालकापासूनच सुरू होतो. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या आत ठेवायला हवेत. ही यादी सगळ्यांनाच पाठ असते. पण मालक स्वतः हात धुऊन स्वयंपाकघरात शिरला आणि आठवड्यातून एकदा फ्रिजचा मागचा कोपरा त्याने स्वतः उघडून पाहिला, तरच बाकीचे ती पाळतात.

उडुपी हॉटेलांतून काय शिकता येईल?

मुंबई-पुण्यातील उडुपी हॉटेलांनी एक वाट घालून दिली. गावाकडून आलेला मुलगा टेबल पुसण्यापासून सुरुवात करायचा, एकेक काम शिकत वर चढायचा. मुंबईत अनेक जण दिवसा काम करून कानडी रात्रशाळेत शिकले आणि त्यातील काहींनी पुढे स्वतःची हॉटेले काढली. पुण्यातील ‘वैशाली’चे जगन्नाथ शेट्टी यांची सुरुवातही नातेवाइकाच्या हॉटेलातील कामापासून झाली होती. त्या काळात लहान मुलेही राबत. आज ते बेकायदा आहे आणि असायलाच हवे. घेण्यासारखी गोष्ट आहे ती शिडी : आज मोरीवर असलेल्या माणसाला सहा महिन्यांनी तव्यावर उभे राहता येईल, हे दिसले पाहिजे. पुढचे दिसले की हजार रुपयांसाठी शेजारी जाणारा दोनदा विचार करतो.

हे सगळे छोट्या हॉटेलाला परवडेल का?

भाडे, १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा वरखाली होणारा दर आणि डिलिव्हरी अ‍ॅपचे कमिशन यांचा ताण मालकाच्या चांगल्या वागण्याने नाहीसा होत नाही. चुकीच्या जागी, न झेपणाऱ्या भाड्याने काढलेले हॉटेल चांगला मालकही वाचवू शकत नाही. पण वरच्या यादीत पैसे लागणारी गोष्ट जवळजवळ एकच आहे, ती म्हणजे वजनकाटा. बाकी सगळे लागते ते मालकाच्या मनाच्या तयारीचे.

ती तयारी सर्वांत अवघड जाते गल्ला सोडताना. आठवड्यातून एक दिवस गल्ला, चाव्या आणि भाजी खरेदी दुसऱ्या माणसाकडे द्यायची, त्या दिवशी दर तासाला फोन करायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे हिशेब बघायचा. पहिल्या दोन-तीन वेळा काहीतरी बिघडेल. जे बिघडले, ते वहीत लिहायचे राहून गेलेले असेल, ते लिहावे. अनेक हॉटेलांत वडील आजारी पडले आणि मुलाला भाजीवाल्याची उधारीसुद्धा माहीत नाही, अशी वेळ येते. चालते हॉटेल तेव्हा महिन्याभरात बसते.

सुरुवात कुठून करावी? येत्या महिन्यापासून पगाराची एक तारीख ठरवून ती सर्वांना सांगावी आणि पाळावी. मालक शब्दाला पक्का आहे हे एकदा कळले की बाकीचे नियम सांगणे सोपे जाते.