मापात पाप वॅटचेही असते

रत्नागिरी-रायगडकडच्या कित्येक मुस्लिम घरांत आजही माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला एखादा टू-इन-वन सापडतो. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत कामे निघाली आणि आपली माणसे कुवेत, बहारीन, दुबईला गेली. पहिल्या सुटीवर घरी येताना अत्तर, कापड आणि ब्लँकेटबरोबर जे हमखास येई, ते म्हणजे दोन किंवा चार स्पीकरचा जपानी सेट. नॅशनल पॅनासॉनिक, शार्प, सान्यो ही नावे तेव्हा शाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ होती. आणणारे वडील आज हयात नसतील, पण सेट आहे, आणि आता मुलगे तो दुरुस्तीला घेऊन येऊ लागले आहेत.

येतात आणि बहुधा एकच मागणी करतात. “चाचा, आवाज फार बारीक आहे. यात मोठा अॅम्प्लिफायर टाकून द्या. पन्नास वॅटचा मिळतो म्हणे.”

मागणी चांगली आहे. ज्या कारागिरांचा हात टेप आणि रेडिओवर बसला, त्यांचे काम मधल्या वर्षांत फार कमी झाले. कित्येकांनी सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवून मोबाईलचे कव्हर विकायला घेतले. अशा वेळी जुन्या सेटचे काम पुन्हा दारात येत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. जुन्या वस्तूला हातच लावू नये, ती जशीच्या तशी काचेच्या कपाटात ठेवावी, असे म्हणणारे शौकीनही आहेत. त्यांचे म्हणणे आम्हाला पटत नाही. ही वस्तू वाजण्यासाठी आणली होती.

आमची तक्रार वेगळी आहे आणि ती आपल्याच धंद्यातल्या भावांकडे आहे. लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत हाताच्या पंजाएवढा डी-क्लास बोर्ड मिळतो. त्यावर ५०+५० वॅट लिहिलेले असते. कारागीर तो सेटमध्ये बसवतो, सेटच्याच १२ व्होल्टवर चालवतो आणि गिऱ्हाइकाकडून पन्नास-पन्नास वॅटचे पैसे घेतो. हे आम्ही माप मारणेच समजतो. किलोच्या वजनाखाली लोहचुंबक लावणाऱ्याला आपण दुकानात उभे करणार नाही, मग वॅटच्या मापाला वेगळा न्याय का?

हिशेब साधा आहे आणि प्रत्येक कारागिराला तो करता आला पाहिजे. असा बोर्ड स्पीकरच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने जोर लावतो, म्हणून स्पीकरवर जास्तीत जास्त सप्लायइतकाच दाब येऊ शकतो. दाबाला दाबाने गुणायचे आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागायचे. १२ गुणिले १२ म्हणजे १४४, स्पीकर ४ ओहमचा असेल तर त्याला ८ ने भागा. उत्तर येते १८. आवाज न फाटता एका बाजूला १८ वॅटच्या वर जाणे शक्यच नाही, प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच मिळतात. स्पीकर ८ ओहमचा असेल तर ९ वॅट. मग बोर्डावरचे ५० कुठून आले? ते खोटे नाहीत. टीपीए ३११६ या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या आयसीच्या कागदावर ५० वॅट लिहिले आहेत, पण २१ व्होल्टवर आणि ४ ओहमच्या स्पीकरसाठी. कंपनीने अट लिहिली. ती अट गिऱ्हाइकाला न सांगण्याचे काम मधल्या माणसाने केले.

हीच गोष्ट उलट बाजूनेही पाहता येते. सेट पालथा करा आणि पाठीवरची पाटी वाचा. विजेवर तो किती वॅट घेतो ते तिथे छापलेले असते. पाटीवर २० वॅट असतील, तर आतला ट्रान्सफॉर्मर तेवढ्यासाठीच गुंडाळलेला आहे. जो २० घेतो तो १०० देणार कसा? दोन्ही बाजूंना १५-१५ वॅट स्वच्छ हवे असतील तर १२ व्होल्टवर पावणेतीन अँपिअरच्या आसपास करंट लागतो. जुना ट्रान्सफॉर्मर एवढा भार उचलत नाही, तापतो, आणि ठोक्यागणिक डायलचा दिवा मंद होतो. आवाजाची ताकद सप्लायमध्ये आणि स्पीकरमध्ये असते. बोर्ड हा नुसता नळ आहे, टाकीत पाणी नसेल तर नळ मोठा बसवून काय होणार?

हे पाप आजचे नाही म्हणा. नव्वदच्या दशकात दुकानात मांडलेल्या सेटांच्या तोंडावर पीएमपीओ या नावाखाली हजार-हजार वॅट छापलेले असत आणि पाठीवर वीज घेण्याचा आकडा असे पंचवीस-तीसचा. पीएमपीओला कुठलेही ठरलेले माप नव्हते, ज्याला जो आकडा आवडला तो त्याने छापला. अमेरिकेत घरगुती अॅम्प्लिफायरची ताकद कशी मोजून सांगायची याचा सरकारी नियम १९७४ सालीच झाला होता. आपल्याकडे गिऱ्हाईक आकडा पाहून घेत राहिला आणि आम्ही दुकानदार तोच आकडा वाचून दाखवत राहिलो. आम्हीही त्यात होतो, हे कबूल केले पाहिजे.

आता कामाकडे येऊ. आमच्याकडे असा सेट आला की पहिले काही दिवस आम्ही अॅम्प्लिफायरचे नावच काढत नाही. चाळीस वर्षांत आतले कंडेन्सर सुकलेले असतात, रेकॉर्ड-प्लेचा लांब स्विच काळा पडलेला असतो, व्हॉल्यूममध्ये धूळ असते, हेडवर कॅसेटचा तपकिरी थर बसलेला असतो आणि रबराचा बेल्ट तर चिकट काळा गोळा होऊन पडलेला असतो. स्पीकरच्या पुठ्ठ्याभोवती फोम असेल तर बोट लावताच भुसा होतो. हे सगळे नीट केले की बऱ्याच सेटांचा आवाज पूर्वीसारखा भरून येतो आणि गिऱ्हाईक स्वतःच म्हणतो, राहू द्या चाचा, एवढा पुरे. बोर्डाचे पैसे गेले असे वाटते खरे, पण सफाई, कंडेन्सर आणि बेल्टची मजुरी हक्काची असते आणि ती बोर्डाच्या नफ्यापेक्षा जास्तच बसते.

तरीही कोणाला ताकद हवीच असेल तर द्यावी. अशा बहुतेक सेटांतला जुना आयसी १२ व्होल्टवर आणि ४ ओहमवर चारेक वॅटच्या वर जात नाही. ४४४० तर आपल्या प्रत्येक कारागिराच्या हातातून गेला आहे, सान्योच्या कागदावर तोही १३.२ व्होल्टला एका बाजूचे ६ वॅटच सांगतो. तिथून १५-१८ वर जाणे म्हणजे चौपट, आणि कानाला तो फरक चांगला कळतो. पण चौपट वॅट म्हणजे चौपट मोठा आवाज नव्हे, हे आधीच सांगून टाकावे. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट सुमारे दसपट लागतात. जुना कागदी स्पीकर तेवढे सोसणार आहे का, तेही पाहावे. कॉइल जळाली तर त्याच मापाचा, त्याच जाळीत बसणारा स्पीकर चोर बाजार पालथा घातला तरी मिळेलच असे नाही.

जोडणीत आम्ही एकदा तोंडावर पडलो आहोत, ते सांगतो. जुन्या सेटमध्ये दोन्ही स्पीकरची एकेक तार बहुधा एकत्र होऊन हेडफोनच्या जॅकवर जाते आणि तिथून अर्थला मिळते. नव्या बोर्डात स्पीकरची एकही तार अर्थ नसते, चारही जिवंत. आम्ही घाईत बोर्डाच्या तारा जुन्याच जागी झाळल्या, बटण दाबले आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धूर निघाला. बोर्ड आमचा गेला, पैसे आम्ही घेतले नाहीत, पण त्या मुलाच्या चेहऱ्यावरची भीती आठवते. वडिलांची वस्तू होती. तेव्हापासून दोन्ही स्पीकरला वेगवेगळ्या दोन-दोन तारा ओढतो आणि हेडफोनचा जॅक बंद राहील किंवा त्याची वेगळी सोय करावी लागेल, हे पैसे ठरवतानाच सांगतो. सिग्नल व्हॉल्यूमच्या मधल्या टोकावरून घ्यावा, म्हणजे सेटचे मूळ बटणच चालते. आणि बोर्ड १५ व्होल्टपर्यंतचाच असेल तर आधी मीटर लावून बिनभाराचा दाब मोजावा. १२ चा म्हणवणारा जुना सप्लाय रिकामा असताना १६-१७ दाखवतो.

रेडिओ ऐकणाऱ्याचा प्रश्न वेगळाच. डी-क्लास बोर्ड आतल्या आत सेकंदाला चारेक लाख वेळा उघडझाप करतो. ४०० किलोहर्ट्झची दुप्पट ८००, तिप्पट १२००, हे आकडे थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पडतात. बोर्ड एरियलच्या काडीपासून दूर पत्र्याच्या डबीत बसवला, तारा आखूड ठेवल्या तर खरखर कमी होते, पण सगळी जाईल याची हमी आम्ही देत नाही. ज्या घरात म्हातारी माणसे अजून मीडियम वेव्ह लावतात, तिथे आम्ही जुन्या धर्तीचा, बिनउघडझापीचा आयसी सुचवतो. तापतो, सेल खातो, पण रेडिओ साफ राहतो.

सेलची गोष्ट थोडक्यात. मोठ्या आठ सेलांच्या जागी लिथियमचे सेल टाकायची आता पद्धत आहे. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल, संरक्षणाचा बोर्ड न लावता, कोणाच्याही घरात पाठवू नका. आवाज कमी निघाला तर गिऱ्हाईक भांडेल, इथे घराला आग लागेल.

राहिला प्रश्न मूळ वस्तूचा. अशा सेटांना आता शौकीन लोक चांगली किंमत देतात, आणि आतून जसाच्या तसा असलेला सेट महाग जातो. गिऱ्हाइकाला हे माहीत नसते, आपल्याला असते. म्हणून आम्ही छापील बोर्डाची रेघ कापत नाही, डब्याला नवे भोक पाडत नाही, जुन्या आयसीकडची तार सोडवून प्लगवर आणतो, म्हणजे उद्या कोणालाही सेट पूर्ववत करता येईल. काढलेला प्रत्येक भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालून सेटबरोबर परत देतो. आणि असा सेट आपणच विकायला ठेवला असेल तर आत काय बदलले आहे ते घेणाऱ्याला न विचारता सांगायचे. “ओरिजिनल पीस” म्हणून खपवलेला सेट घरी जाऊन उघडला जातोच.

गेल्या महिन्यात बहारीनहून आलेला एक चार स्पीकरचा सेट आम्ही तयार करून दिला. पावतीवर लिहिले: सफाई व कंडेन्सर, बेल्ट, अॅम्प्लिफायर बोर्ड, वेगळा १२ व्होल्ट ४ अँपिअरचा सप्लाय, मजुरी. शेवटच्या ओळीत लिहिले, एका बाजूला सुमारे १५ वॅट. मुलगा म्हणाला, “चाचा, शेजारच्या गल्लीत तर शंभर सांगत होते.” आम्ही त्याला सेट पालथा करून पाटी दाखवली आणि आकडेमोड कागदावर करून दिली. त्याने तो कागद घडी करून पावतीबरोबर खिशात ठेवला आणि पैसे दिले. परवा तो आपल्या मामांचा सेट घेऊन आला आहे. त्याचा नुसता बेल्ट गेला आहे.