मार्क ४३२, टक्के शून्य!

दहावीला ५०० पैकी ४३२ मार्क. टक्के किती? ८६.४. लातूरमध्ये हे कुणीही झोपेतून उठून सांगेल. आपल्याकडे पॉइंटनंतरच्या आकड्यावरूनही घरात चर्चा रंगते!

पण बीसीएच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या मामेभावाने हेच गणित सी लँग्वेजमध्ये लिहिलं, ४३२/५००*१००, आणि स्क्रीनवर आलं ०. पठ्ठ्याने तीनदा टाइप करून पाहिलं. सरांना मात्र विचारलं नाही. ‘ताई, सगळे हसले असते,’ म्हणाला. मित्राच्या वहीतला प्रोग्राम उतरवला, विषय संपला.

मला त्या शून्यापेक्षा ही गप्प बसण्याची सवय जास्त खटकते.

खरं तर कारण सोपं आहे. सीमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो. ४३२ मध्ये ५०० एकदाही जात नाहीत, म्हणून ०. त्याला शंभरने गुणा नाहीतर हजाराने, शून्यच! ४३२*१००.०/५०० लिहा, ८६.४ मिळतील. तसंच % म्हणजे टक्के नव्हे, बाकी. आणि ^ म्हणजे घात नव्हे. २^३ चं उत्तर ८ नाही, १ येतं, कारण ते चिन्ह बिटांची तुलना करतं.

आता जिल्हा परिषदेची शाळा आठवा. १७ भागिले ५: भागाकार ३, बाकी २. सीमधला / म्हणजे तोच भागाकार आणि % म्हणजे तीच बाकी! मराठी मीडियमवाल्यांनो, हे तुम्हाला प्राथमिक शाळेपासून येतं. फक्त कुणी जोडून दाखवलं नाही.

आणि गोंधळणारे तुम्ही एकटे नाही. पायथन २ मध्येही ५/२ चं उत्तर २ यायचं. भाषा बनवणाऱ्यांनाच ते घोळाचं वाटलं. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून उत्तर २.५ येतं. पूर्णांकी भागाकार हवा असेल तर // वापरायचं.

नांदेड असो की लातूर, सराव करण्यात आपला हात कुणी धरणार नाही. पण पाठ केलेला प्रोग्राम परीक्षेपुरता. इंटरव्ह्यूत ‘असं का?’ विचारलं की तो कामाला येत नाही.

तेव्हा उद्या लॅबमध्ये शून्य आलं, तर हात वर करा. कुणी हसलंच, तर त्यालाच विचारा, ‘बरं, तू सांग, शून्य का आलं?’ बघा, किती जण गप्प होतात.