ट्रेंडचं बटण कोण दाबणार?

"आत्ता ९६ आहे हो, काळजी करू नका." आयसीयूच्या दारात हे वाक्य ऐकलं की आपण सगळे सुटकेचा श्वास टाकतो. पण मंडळी, 'आत्ता'चा आकडा ही अर्धीच गोष्ट आहे. पल्स ८० वरून ११० वर गेली ती कधी? एकदम की रात्रभर हळूहळू? मॉनिटर हे सगळं साठवून ठेवतो, ट्रेंडमध्ये दिसतं. बघतो कोण?

आपल्याकडे चार्ट मात्र सुबक! श्वासाचा दर सकाळी २०, दुपारी २०, रात्रीही २०. माणूस आहे की घड्याळ?

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली 'न्यूज' पद्धत आणली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, पल्स, ताप, शुद्ध यांना गुण द्यायचे. बेरीज ७ झाली की तातडीने डॉक्टर हवेत. कागद-पेन पुरतं याला.

नर्सेस कमी आहेत, हे मान्य. म्हणून तर म्हणतो, ड्यूटी बदलताना दोघींनी मिळून दोन मिनिटं ट्रेंड बघावा. यंत्राने आधीच लिहून ठेवलंय, फक्त वाचायचंय.

आणि सुट्ट्या मॉनिटरवर नवा पेशंट घेतला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम पेशंटचे कागद ३ वर्षं जपायला सांगतात. मग पुसण्याआधी ट्रेंड फाइलला का लावू नये?

तोवर आपण विचारत राहायचं, "डॉक्टर, रात्रीचा ट्रेंड बघितलात का?" फार तर रागावतील. रागावू देत!