अकरा तासांच्या आत

क्रॉसकंट्री झाली की संध्याकाळी आपल्या सूचनाफलकावर दहा नावे लागतात. हाऊसचे गुणही त्या दहांवरच ठरतात. अकराव्या मुलाला आपली वेळ कळत नाही, आणि ऐंशीव्याला ती विचारायची लाज वाटते. ही पद्धत बदलावी असे मला वाटते. का, ते एका धावपटूच्या उदाहरणाने सांगतो.

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमध्ये सुमारे नव्वद किलोमीटरची ‘कॉम्रेड्स’ शर्यत होते. (हो, १८९३ साली गांधीजींना गाडीतून उतरवले तेच पीटरमॅरिट्झबर्ग.) व्हिक क्लॅपहॅम या माजी सैनिकाने १९२१ साली ती सुरू केली. पहिल्या महायुद्धातून परत न आलेल्या सोबत्यांचे स्मारक दगडाचे नको, घामाचे हवे, अशी त्याची कल्पना. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले आणि १६ पोहोचले.

वॅली हेवर्डने १९३० मध्ये, एकविसाव्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात ही शर्यत जिंकली. आपल्या फलकाच्या हिशेबाने गोष्ट तिथेच संपली असती. पुढची वीस वर्षे तो या शर्यतीत उतरलाच नाही. परतला तो चाळिशी ओलांडून, आणि १९५०, ५१, ५३ व ५४ अशी चार वेळा पुन्हा जिंकला. १९५२ चुकले, कारण त्या वर्षी तो हेलसिंकी ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावला आणि दहावा आला. १९५३ मध्ये तर त्याने कॉम्रेड्स सहा तासांच्या आत पूर्ण केली, जे तोवर कुणाला जमले नव्हते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये चोवीस तासांत सुमारे २५६ किलोमीटर धावून विश्वविक्रम केला. तेव्हा त्याचे वय पंचेचाळीस होते! चौदाव्या वर्षी नडगी दुखत असताना हाऊससाठी मुलाला पळवणाऱ्यांनी, आणि त्याला फोनवरून जोर देणाऱ्या पालकांनीही, हा आकडा लक्षात ठेवावा.

पुढे प्रवासखर्चासाठी मदत घेतली म्हणून त्याला ‘व्यावसायिक’ ठरवून हौशी स्पर्धांतून अनेक वर्षे बाहेर ठेवले गेले. १९८८ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, तो पुन्हा कॉम्रेड्सला उभा राहिला आणि ९ तास ४४ मिनिटांत पोहोचला. पुढच्या वर्षी ऐंशीचा असताना शेवटचे अंतर त्याने कसेबसे कापले. वेळ झाली १० तास ५८ मिनिटे. मर्यादा होती अकरा तासांची.

कॉम्रेड्समध्ये वेळ संपते तेव्हा एक अधिकारी धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. समोर कोण धडपडत येते आहे, हे त्याने पाहायचे नाही. एका सेकंदाने चुकलेल्यालाही पदक नाही. जो आत आला, तो कितवाही असो, त्याला पदक मिळते आणि त्याचे नाव निकालात येते.

आमचे एक उस्ताद म्हणतात, “सगळ्यांनाच शाबासकी दिली तर पळेल कोण?” त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. सरसकट बक्षिसे वाटा असे मी म्हणतच नाही. ती बंदूक कुणावर दया करत नाही. उलट, आपल्याकडेच कसली मर्यादा नाही. पहिले वीस जण पुढे गेले की मागच्यांना धावायचे कारण उरत नाही. ती मुले गप्पा मारत, वळणे चुकवत येतात आणि उस्ताद घड्याळ खिशात घालून त्यांची वाट पाहत बसतात. आळस मुलांचा आहेच, पण त्यांच्यासाठी शर्यत आपण ठेवलेलीच नाही.

वयोगटानुसार कडक वेळ ठरवावी. ती संपताच शिट्टी वाजवावी, आणि शिट्टी वाजवणाऱ्याने पाठ फिरवावी, मग येणारा हाऊस कॅप्टन असला तरी. वेळेत आलेल्या प्रत्येकाचे नाव वेळेसह लावावे आणि प्रत्येकामागे हाऊसला एक गुण द्यावा. पहिल्या तिघांची पदके आहेत तशीच राहू द्यावीत.

एवढी नावे फलकावर मावणार नाहीत, अशी अडचण मला आधीच सांगण्यात आली आहे. सुतारकामाच्या खोलीत दोन फळ्या पडून आहेत. मी मोजून आलो आहे, पुरतील.