वाढ थांबली म्हणजे जंतू मेला नव्हे

दिवाळी आटोपली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांत क्षयरोगाचं औषध चालू असलेलेही असतात. खोकला थांबलेला, भूक लागू लागलेली. मग गोळ्या घरीच राहतात. यात धोका काय, ते प्रयोगशाळेतले जिवाणू सांगतात.

पोषक द्रावणात सोडलेले जिवाणू आधी नव्या जागेशी जुळवून घेतात. मग झपाट्याने दुप्पट होत जातात. ई. कोलायला पोषक वातावरणात एकाचे दोन व्हायला जेमतेम २० मिनिटं लागतात. अन्न संपत आलं की वाढ थांबते. पेशी लहान आणि चिवट होतात. पुढे बऱ्याच मरतात, काही तग धरतात.

पेनिसिलिन वाढत्या जंतूंनाच मारतं. १९४४ साली डब्लिनच्या जोसेफ बिगर यांना दिसलं, की पेनिसिलिनच्या माऱ्यातूनही मोजके स्टॅफिलोकोकस वाचतात. ते औषधाला निर्ढावलेले नव्हते, कारण त्यांची पुढची पिढी त्याच औषधाने मरत होती. ते नुसते सुस्त पडून होते.

क्षयाचा जंतू मुळातच संथ. त्याला दुप्पट व्हायला साधारण २० तास लागतात, म्हणून कल्चरच्या रिपोर्टला कित्येक आठवडे जातात. नेहमीच्या क्षयात पहिले दोन महिने चार औषधं देतात. वाढणारे जंतू बहुतेक तेव्हाच मरतात आणि रुग्णाला बरं वाटतं. सुस्त जंतू मात्र उरतात. त्यांच्यासाठी पुढचे चार महिने तीन औषधं असतात. मध्येच सोडलं तर हेच जंतू पुन्हा वाढतात. औषध अनियमित घेतलं तर त्याला न जुमानणारे जंतू माजतात.

दसऱ्याला सुरू केलेला कोर्स गुढीपाडव्याच्या सुमारास संपतो. नेमका हाच भट्टीचा हंगाम. रोजगार सोडा, असं कुणाला सांगता येणार नाही. म्हणून गोळ्याच माणसामागे गेल्या पाहिजेत. निघण्यापूर्वी आशाताईंना ठिकाण सांगा, निक्षय क्रमांक जवळ ठेवा. त्यावर दुसऱ्या ठिकाणच्या सरकारी केंद्रातही औषध मोफत चालू राहतं. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात. आरोग्य यंत्रणेनेही रुग्णाची वाट न पाहता भट्टीवर पोहोचावं. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडे कोण कुठे गेलं याची यादी असते. ती आपल्याकडेही हवी.