खाडीखालचा बोगदा आणि आगीचा विचार

घणसोली ते शिळफाटा हा सुमारे पाच किलोमीटरांचा बोगदा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला, तेव्हा नवी मुंबईत साहजिकच आनंद झाला. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेच्या एकवीस किलोमीटर भुयारी मार्गाचा हा एक भाग होय. अभियंते व कामगार ह्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु ह्या भुयारी मार्गापैकी सात किलोमीटर ठाणे खाडीच्या तळाखालून जावयाचे आहेत, आणि दोन्ही रूळ एकाच नळीत राहणार आहेत. तेथे गाडीस आग लागली तर काय, हा प्रश्न अपशकुन म्हणून टाळण्याजोगा नाही.

त्याचे उत्तर शोधावयाचे तर खाणींकडे पाहावे. इंग्लंडात १८६२ साली हार्टली येथील खाणीची एकुलती एक विहीर बंद पडली आणि २०४ माणसे दगावली. प्रत्येक खाणीस बाहेर पडण्याच्या दोन वाटा हव्यात, हा कायदा त्यानंतर त्याच वर्षी झाला. आपल्याकडे जानेवारी १९९४ मध्ये राणीगंज भागातील न्यू केंदा खाणीत आग लागली आणि ५५ कामगार दगावले. त्यांचे प्राण ज्वाळांनी नव्हे, तर कार्बन मोनॉक्साईडने घेतले. ह्या वायूस रंग नाही, वासही नाही. म्हणूनच कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्याच्या कमरेला विषारी वायूपासून वाचविणारे श्वसनयंत्र असते. वर्धा खोऱ्यातील कोळसा तर आपोआप तापून पेटणारा. तेथील खाणकामगारांना आगीची भीती वेगळी शिकवावी लागत नाही.

बोगद्यात कोळसा नसतो हे खरे. परंतु धुराचा धर्म तोच. फ्रान्स व इंग्लंड ह्यांना जोडणाऱ्या बोगद्यात नोव्हेंबर १९९६ मध्ये मालगाडी पेटली. मधल्या स्वतंत्र सेवा-बोगद्यात माणसे पोहोचली आणि कोणीही दगावले नाही. आपल्या एकाच नळीत अशी धूरमुक्त जागा कोठे राहील, हे प्रवाशांना आधी कळले पाहिजे. विक्रोळीची विहीर खाडीच्या एका बाजूस, सावलीची दुसऱ्या बाजूस. मधोमध अडकलेल्या माणसास दोहोंपैकी कोणत्याही काठाकडे जावयाचे, तर साडेतीन किलोमीटर, म्हणजे तासभर चालावे लागेल. अग्निशमन जवानाच्या पाठीवरील हवेची नेहमीची टाकी मात्र अर्धा-पाऊण तासच पुरते! खाणीतील बचाव पथकाजवळ काही तास टिकणारी श्वसनयंत्रे असतात. ती आमच्या दलास मिळावयास हवीत.

दुसरी गोष्ट अधिकाराची. एका टोकास मुंबई, मध्ये नवी मुंबई, पुढे ठाणे, शिवाय रेल्वे. आणीबाणीत पंखे कोणत्या दिशेस फिरवावयाचे व वीज केव्हा तोडावयाची, हा हुकूम कोण देणार? १९५२ च्या खाण कायद्याने खाणीस एक जबाबदार व्यवस्थापक नेमून दिला होता. बोगद्यासही तसा एक अधिकारी हवा, आणि त्याचा शब्द चारही यंत्रणांनी मानला पाहिजे.

ह्यास फार पैसा लागतो असे नाही. ज्या प्रकल्पावर सहस्रावधी कोटी खर्च होत आहेत, त्याला तर तो मुळीच जड नाही. पहिली गाडी धावण्यापूर्वी तिन्ही शहरांच्या अग्निशमन दलांची संयुक्त तालीम घणसोलीच्या उतारमार्गातून प्रत्यक्ष आत उतरून व्हावी, ती रात्रीही व्हावी, आणि तीत आढळलेल्या उणिवांचा अहवाल जनतेपुढे ठेवावा. तालमीची तारीख रेल्वेने आताच जाहीर करावी, अशी आमची मागणी आहे.